न घाबरणारे उंदीर

परवा व्हिडिओ कॉलवर तुम्ही दोघांनी विचारलंत, की आजी, तू त्या उंदरांच्या कॉलेजात जाऊन नक्की काय करतेस. तुमच्या बाबाने मध्येच "आजी उंदरांना इंग्लिश शिकवते" असं सांगून विषय संपवला. धाकट्याला ते पटलेलं दिसलं. म्हणून हे नीट लिहून ठेवते आहे.

आपल्या घरापासून रिक्षाने जवळच, ठाणे-बेलापूर रस्त्याच्या अलीकडे, एक फार्मसी कॉलेज आहे. औषधांचा अभ्यास करतात तिथे, आणि इमारतीच्या मागच्या बाजूला पांढरे उंदीर पाळतात. प्राण्यांवर कसलाही प्रयोग करायचा तर आधी एका समितीची परवानगी लागते असा सरकारी नियम आहे. त्या समितीत एक सदस्य शास्त्रज्ञ नसलेला, पण 'सामाजिक जाणीव असलेला' हवा. प्राचार्यांची दोन्ही मुलं शाळेत माझ्याकडे इंग्रजी शिकून गेली, त्यामुळे त्यांना माझं नाव सुचलं. म्हणजे समितीतल्या बाकीच्यांना सामाजिक जाणीव नसली तरी चालते, मला मात्र ती असावीच लागते. बैठकीला चहा मिळतो, आणि चहात बुडवली की तुटून पडणारी दोन बिस्किटं.

माझं काम प्रश्न विचारण्याचं. इतके उंदीर कशाला? कमी चालणार नाहीत का? त्यांना दुखेल का? शास्त्रज्ञ माणसाला असे प्रश्न विचारायला संकोच वाटतो. मला तो वाटत नाही, म्हणूनच मला तिथे बसवलं आहे.

तर गोष्ट गेल्या दिवाळीनंतरची. त्याआधी तुम्हाला एक गंमत सांगायला हवी, ती म्हणजे उंदराची भीती कशी मोजतात ती. उंदराला विचारता येत नाही, की बाबा रे, तुला किती टेन्शन आहे. म्हणून बेरजेच्या चिन्हासारखी एक फळी करतात आणि ती पायांवर उंच उभी करतात. बेरजेच्या चार वाटांपैकी समोरासमोरच्या दोन वाटांना उंच भिंती. उरलेल्या दोन साफ उघड्या, कठडा नसलेल्या गच्चीसारख्या. उंदराला मधोमध ठेवायचं आणि पाच मिनिटं तो कुठे जातो ते बघायचं. घाबरट उंदीर भिंतींच्या आडोशाला बसून राहतो. ज्याची भीती कमी, तो उघड्यावर येतो. भीती कमी करणारं औषध दिलं, की तोच घाबरट गडी बाहेर हिंडायला लागतो.

काही उंदीर मागचे पाय भिंतीआड घट्ट रोवून पुढचं अंग लांब ताणतात आणि नुसतं नाक बाहेर काढून अंदाज घेतात. समोरच्या फ्लॅटमधल्या काकू, बेल वाजली की साखळी न काढता दार किलकिलं करतात, ते अगदी असंच. हे शिकल्यापासून मला माणसांकडे सरळ बघता येईना. आमच्या सोसायटीच्या मीटिंगला लोक आधी भिंतीकडेच्या खुर्च्या धरतात हे मला इतकी वर्षं दिसलंच नव्हतं. मधोमध बसतात ते एकटे सेक्रेटरी, तेही त्यांना दुसरी जागा नसते म्हणून. मी एकदा मुद्दाम मध्यभागी खुर्ची टाकून बसले. खजिनदारांनी हळूच येऊन विचारलं, "काकू, काही तक्रार आहे का?"

आता त्या बैठकीकडे येते. औषधशास्त्राचे विभागप्रमुख सर आमच्या समितीपुढे एक अर्ज घेऊन आले होते. सर हुशार, तळमळीचे, आणि आपलं चुकू शकतं हे तत्त्वतः मान्य असलेले. त्यांच्या हाताखाली एक मुलगी एम.फार्म. करत होती. घणसोली गावातली, जुन्या गावठाणातल्या घरातली. कुठल्याशा रानवेलीच्या मुळाच्या अर्काने भीती कमी होते का, हे ती याच फळीवर बघत होती. सरांचं म्हणणं होतं, की आधीच्या उंदरांची तुकडी सदोष निघाली, सबब नवी तुकडी मागवायला परवानगी द्यावी.

"सदोष म्हणजे काय?" मी विचारलं.

"घाबरतच नाहीत, मॅडम."

"मग चांगलं आहे की."

"अहो, चांगलं कसलं? अर्क दिलेले घाबरत नाहीत, ते ठीक. पण ज्यांना नुसतं पाणी पाजलंय तेही घाबरत नाहीत. सगळे उघड्या वाटेवरून सरळ टोकाला जातात आणि मान वाकवून खाली बघतात. गच्चीवर पतंग उडवायला आल्यासारखे. मग अर्काचा गुण दिसणार कुठे?"

समितीतल्या पशुवैद्यांनी पुरवठादारावर संशय घेतला. कोणी म्हणालं, शेजारच्या टॉवरचं पायलिंग चालू आहे, त्याच्या धक्क्यांमुळे असेल. दाराजवळच्या खुर्चीवर मांडीवर फाइल घेऊन ती मुलगी बसली होती. ती खालच्या आवाजात म्हणाली, "सर, धक्क्यांनी तर अजून घाबरायला पाहिजेत ना. बिनधास्त कसे होतील?"

"तू साबण कुठला वापरतेस?" सरांनी तिलाच विचारलं.

चहाच्या वेळी ती मला पॅसेजमध्ये पाण्याच्या कूलरपाशी भेटली. तळोज्याच्या एका कंपनीत तिला नोकरी मिळाली होती, पण शिमग्याच्या आत पदवीचा निकाल दाखवायचा या अटीवर. नवे उंदीर आले, की त्यांना आधी काही आठवडे नुसते रुळू द्यायचे, मग अर्क पाजायचा, मग फळी. शिमगा केव्हाच उलटून गेला असता.

"मॅडम, तुम्ही सही नका करू," ती म्हणाली. मग लगेच, "नाही, करा. नाही केली तर रिझल्टच नाही. केली तर जॉब नाही."

"नक्की काय करू?"

"तेच तर कळत नाय ना." हे तिच्या गावच्या बोलीत आलं. तोपर्यंत ती माझ्याशी जपून, पुस्तकी बोलत होती.

मी आत गेले आणि सांगितलं, की सही करण्याआधी मला हे न घाबरणारे उंदीर एकदा बघायचे आहेत.

"मॅडम, तुम्ही खोलीत आलात तर उंदीर घाबरेल," सर म्हणाले.

"मग बरंच झालं. कोणीतरी घाबरेल."

अध्यक्ष हसले, त्यामुळे सरांना नाही म्हणता आलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गेले. प्रयोगाच्या खोलीबाहेर सरांनी माझी तपासणीच घेतली. गजरा नाही ना? अत्तर? डोक्याला तेल? "उंदराचं सगळं जग नाकात असतं, मॅडम. तुमच्या केसांतल्या खोबरेलाने माझा सगळा डेटा वाया जाईल." मी केस नुसत्या पाण्याने धुऊन आले होते, तसं सांगितलं. ज्यांनी आमच्यासाठी दार उघडलं ते प्राणीगृहातले मामा. त्यांनी तोंडातली बडीशेप थुंकून मग आत पाऊल टाकलं. सरांनी त्यांच्याकडे असं बघितलं, की पुढचा आठवडाभर त्यांनी बडीशेपेचं नाव काढलं नसेल.

खोलीत मिणमिणता उजेड. दाराला दसऱ्याचं तोरण अजून लटकत होतं. मधोमध ती काळी चकचकीत ॲक्रिलिकची फळी, आणि छताला कॅमेरा, कमी उजेडात चालणारा, काळंपांढरंच टिपणारा. मला पडद्यामागच्या स्टुलावर बसवलं. प्रयोगात नसलेला एक जास्तीचा उंदीर त्या मुलीने आणला. आधी स्पिरिटच्या बोळ्याने तिने सगळी फळी पुसली, म्हणजे आधीच्या उंदराचा वास उरू नये. तिचा हात उघड्या वाटेच्या टोकापर्यंत गेला आणि टोकाशी जरा वळून मागे फिरला. अंगणात रांगोळी असली की बायका केर काढताना खराटा वळवतात, तसा. मला ते दिसलं, पण तेव्हा त्याचा अर्थ लागला नाही.

उंदीर मधोमध ठेवला. त्याने क्षणभर मिशा हलवल्या आणि माहेरी निघाल्यासारखा उघड्या वाटेने चालू पडला. टोकाला गेला, मान खाली घातली.

"बघा," सर माझ्या कानाशी कुजबुजले. "हेड डिपिंग. कड्यावरून खाली वाकून बघणं. निर्भयपणाची सर्वांत मोठी खूण."

उंदीर खाली बघत राहिला. बघता बघता पुढचे दोन्ही पाय त्याने टोकावर टेकवले. मग पुन्हा बघायला लागला.

"बराच वेळ बघतोय," मी म्हटलं.

"फार धीट आहे."

मग तो धीट प्राणी मागच्या पायांवर बसला आणि पंगतीतून उठलेल्या माणसासारखं त्याने तोंड पुसलं. सर त्याचीही नोंद सांगणार होते, तेवढ्यात वेळ संपली. मुलीने दिवा लावला, उंदीर उचलला आणि जागच्या जागी थिजली.

"सर, रक्त."

तिच्या पांढऱ्या हातमोज्यावर लाल डाग होता. उंदराचं नाकही लाल. सर पुढे धावले, त्यांनी त्याला तळव्यावर उताणं केलं, हिरड्या बघितल्या, पाय बघितले. कुठे जखम नव्हती. मी पडदा बाजूला सारून फळीच्या टोकाशी गेले. चष्मा काढला, वाकले आणि वास घेतला.

"साजूक तूप आहे," मी म्हटलं.

सरांची नजर हळूहळू दाराच्या तोरणाकडे गेली.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी खंडेनवमी असते. ज्या वस्तूवर आपलं पोट चालतं तिची पूजा करायची, असा रिवाज. सुतार करवतीची करतो, रिक्षावाला रिक्षाची. तुमच्या बाबाचा लॅपटॉप इथे असता तर मी त्यालाही सोडलं नसतं. या खोलीत पोट चालायचं ते फळीवर, म्हणून सरांनी फळीची पूजा केली होती. चारी वाटांच्या टोकांना कुंकू लावायला गेले, तर चकचकीत ॲक्रिलिकवर कोरडं कुंकू टिकेना. निरांजनासाठी घरून तूप आलं होतं, त्यात त्यांनी कुंकू कालवलं आणि वर अक्षता चिकटवल्या. भिंतवाल्या दोन वाटांच्या टोकांना भिंती होत्या, तिथे ते बाहेरच्या अंगाला लागलं. उघड्या वाटांना भिंतच नाही. तिथे ते फळीवरच लागलं, उंदराच्या नाकासमोर.

"पण दसऱ्याला तर किती दिवस झाले," सर म्हणाले. "एवढ्यात संपायला हवं होतं."

मुलीने मान खाली घातली. "फिकं पडलं की मी परत लावायचे. कुंकवाची वाटी तिथंच आहे ना, देवाच्या फोटोपुढं."

"का गं?" मी विचारलं.

"पुसट कुंकू बरं दिसत नाही."

"आणि स्पिरिटने पुसताना?"

"पूजेचं कुंकू पुसायचं कसं, मॅडम? बाकी सगळी फळी पुसायचे. टोक तेवढं सोडून."

सर तिला रागावतील असं मला वाटलं होतं. पण त्यांच्या चेहऱ्यावरून दिसत होतं, की तेही ते टोक सोडूनच पुढे गेले असते. काळ्यापांढऱ्या कॅमेऱ्यात कुंकवाचा ठिपका कोणाला दिसला नव्हता. दिसला होता तो निर्भयपणा. अर्कवाले आणि पाणीवाले, सगळे सारख्याच उत्साहाने तूप चाटायला जात होते आणि हे दोघं ते शौर्य म्हणून मोजत होते.

"पुसा आता ते," सर म्हणाले, आणि स्वतः एक पाऊल मागे सरकले. मुलीने मामांकडे बघितलं. मामांनी दोन्ही हात पाठीमागे नेले. "सायेब, बाकी काय बी सांगा. कुंकू पुसायचं आपल्या हातनं नाय व्हायचं."

तुमचे आजोबा गेले तेव्हा दोन बायका माझं कुंकू पुसायला पुढे आल्या होत्या. मी त्यांना म्हटलं, चहा घ्या आणि बसा. तेव्हापासून मी टिकली लावतेच आहे, हे आमच्या सोसायटीत सगळ्यांना ठाऊक आहे आणि काहींना अजून पचलेलं नाही. मी स्पिरिटचा बोळा घेतला आणि दोन्ही टोकं चोळून स्वच्छ केली. तिघं बघत होते. काही झालं नाही. उंदीर पिंजऱ्यात नाक पुसत बसला होता.

मुलगी फारच केविलवाणी दिसायला लागली, तेव्हा मी तिला म्हटलं, "फळीच्या पायांना लाव कुंकू. खाली, जमिनीपाशी. पायाला हात लावलेला कोणत्याही देवाला चालतो." मामांना हे इतकं पटलं, की त्यांनीच वाटी आणून दिली.

खरी गंमत यानंतरची. सर मला त्यांच्या केबिनमध्ये घेऊन गेले, पंखा वाढवला आणि म्हणाले, "मॅडम, एवढं सगळं अर्जात लिहायची गरज नाही. तुकडी सदोष, एवढं पुरे. नवे उंदीर आले की प्रयोग व्यवस्थित करू."

"तुकडी कुठे सदोष आहे? तूप आवडणं हा दोष नाही."

"अहो, पण लिहायचं काय? बाहेरचे परीक्षक वाचतात ते."

"जे झालं ते लिहायचं."

"कुंकू?"

"आणि तूप. त्याच क्रमाने."

सरांची खुर्ची भिंतीला टेकलेली होती, तरी ते आणखी थोडे मागे सरकले. मला हसू आवरेना, पण मी ते शाळेतल्या सवयीने आवरलं. मी त्यांना सांगितलं, की सदोष तुकडी असं लिहिलंत तर मी सही करणार नाही. खरं कारण लिहिलंत तर बैठकीत सगळ्यांसमोर ते वाचून दाखवावं लागेल, आणि वाचताना मी अक्षतांवर जरा थांबेन.

"मग मुलीचं काय?" ते म्हणाले. हा प्रश्न त्यांनी मनापासून विचारला, हे मला आवडलं.

"याच उंदरांची भीती दुसऱ्या कशाने मोजता येत नाही का? ज्यावर ते कधी चढलेच नाहीत असं काही?"

कपाटावर चढवून ठेवलेल्या एका धुळकट पेटीकडे त्यांनी बघितलं. अर्धी काळोखी, अर्धी उजेडाची, मध्ये उंदरापुरतं दार. उंदराला काळोख आवडतो. उजेडात तो किती वेळ काढतो त्यावरून त्याची भीती कळते. फळी या उंदरांना ओळखीची झाली होती, पण ही पेटी त्यांनी पाहिलेली नव्हती. काही दिवस त्यांना विश्रांती द्यायची, अंगातला पहिला अर्क जाऊ द्यायचा, मग पुन्हा अर्क किंवा पाणी पाजून पेटीत सोडायचं. नवी तुकडी नको, वाट बघणं नको. प्रयोगातला बदल म्हणून समितीची संमती तेवढी हवी.

"हे मलाच सुचायला हवं होतं," सर म्हणाले.

"सुचलं तुम्हालाच. मी नुसतं विचारलं."

संमती त्याच आठवड्यात मिळाली. अर्जात कारण खरं लिहिलं होतं, एका लांबलचक वाक्यात, आणि ते वाक्य सरांनी स्वतः वाचलं. त्यामुळे मला अक्षतांवर थांबायची संधी मिळाली नाही.

तुम्ही विचाराल म्हणून सांगते, की प्रयोग संपल्यावर त्या उंदरांचं काय झालं. प्रयोगातले उंदीर शेवटी जगत नाहीत. त्यांना न दुखवता मारतात. ते तसं होतं हे मला माहीत आहे, आणि समितीत बसून मी त्यावर सही करते. नवी तुकडी आली नाही, एवढंच त्या वेळी माझ्या हातून झालं.

तोंडी परीक्षेला मुलीने मला बोलावलं. हॉलमध्ये मी मागे बसले. बाहेरून आलेले परीक्षक वयस्कर होते. प्रबंधाची पानं उलटत ते एका पानावर थांबले आणि तेच पान पुन्हा पहिल्यापासून वाचू लागले. मुलगी ताठ उभी होती. सर खिडकीबाहेर बघत होते, जिथे बघण्यासारखं फक्त पार्किंग होतं.

"हे तूप," परीक्षक म्हणाले, "गाईचं की म्हशीचं?"

"ते नोंदवलं नाही, सर," ती म्हणाली.

"पूजा कोणी केली होती?"

हा अवघड प्रश्न होता. ती बोलायच्या आधीच सर खिडकीकडून वळले. "मी केली होती," ते म्हणाले.

परीक्षकांनी चष्मा काढून पुसला. "आमच्याकडे वजनकाट्यावर नारळाचं पाणी शिंपडतात. ऐन दसऱ्यात काटा बिघडतो आणि आम्ही कंपनीला दोष देतो. हे लिहायचं धाडस मात्र आमच्यात कोणी केलं नाही." मग मुलीकडे वळून, "बरं, पेटीचं सांगा. आता घाबरतात का तुमचे उंदीर?"

"हो सर. पाणीवाले व्यवस्थित घाबरतात. अर्कवाले जरा कमी. फार फरक नाही, पण आहे."

"आणि हा फरक दुसऱ्या कशामुळे नाही ना, याची खात्री केलीत?"

"पेटी आतून बाहेरून पूर्ण पुसली, सर. सगळी टोकं धरून."

हॉलमध्ये हशा पिकला. परीक्षकांनी प्रबंध मिटला, आणि सरांनी बऱ्याच वेळाने श्वास सोडलेला मला मागून दिसला. ती बाहेर पॅसेजमध्ये आली, फोन काढला आणि घरी लावला. माझ्याशी इतके दिवस जपून बोलणारी ती मुलगी आता मोठ्या आवाजात तिच्या गावच्या बोलीत बोलत होती. "मम्मे, झालो गो पास. सोमवारी तलोज्याला जायचा हाय. डबा काय देशील?"